मधोमध

माझ्या लहानपणी आमच्या बेटावर सोयी फार नव्हत्या, पण ज्या होत्या त्या सगळ्या चुकीच्या जागी होत्या, आणि त्या तिथेच का आहेत हे गावातला कुठलाही पुरुष तुम्हाला छाती फुगवून सांगू शकला असता. नळ एकच होता, तो एकही घर नसलेल्या खाजणात, म्हणजे खाऱ्या दलदलीत उभा होता. रस्त्यावरचा दिवा एकच होता, त्याच्या उजेडात चिंबोऱ्या फिरायच्या. शाळेची खोली अशा ठिकाणी बांधली होती की दोन्हीकडच्या पोरांना सारखाच चिखल तुडवावा लागे. याला आमच्याकडे न्याय म्हणत.

बेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नारळ आणि पांढरी वाळू येते. आमचं बेट भिवंडीच्या खाडीतलं. चहूकडे तिवरं, पाणी मातकट, आणि वारा भिवंडीकडून असला की पलीकडच्या लूमची खटखट घरात बसून ऐकू यायची. बेटाच्या दोन टोकांना दोन पाडे होते, वरला पाडा आणि खाल्ला पाडा. वरला पाडा काही उंचावर नव्हता, पण नाव पडलं होतं आणि त्या नावावर तिथली माणसं मान ताठ करून चालायची. मध्ये दहा मिनिटांचं खाजण आणि त्यात गावदेवीचं देऊळ. देवी एक, जात एक, सोयरिकी एकमेकांत, कालवणाला घालायचं वाटणसुद्धा एकच. तरी एका पाड्याला खोकला झाला तर दुसऱ्याला तो जास्त झाला पाहिजे, अशी एकूण वृत्ती. माझी आई वरल्या पाड्याची आणि बाबा खाल्ल्या पाड्याचे. लग्न झाल्यावर आई दहा मिनिटं चालून सासरी आली, आणि पुढे पन्नास वर्षं तिला ‘तिकडची’ म्हणत.

गावासाठी काही आलं की ते कुठे ठेवायचं हे ठरवायला आमच्याकडे दोर होता. काथ्याचा, बारीक पण चिवट, बेटाच्या लांबीचा. वरल्या पाड्याच्या शेवटच्या घरापासून खाल्ल्या पाड्याच्या शेवटच्या घरापर्यंत तो ताणायचा, मग दोन्ही टोकं एकत्र आणून त्याची घडी करायची, आणि घडी जिथे येईल तिथे खुंटी मारायची. खुंटी मारली की वाद संपला. तिथे जमीन आहे की पाणी आहे की विंचवाचं बीळ आहे, हे कोणी बघायचं नाही. हा दोर आमच्या घरी असायचा, कारण बाबा बेटाची होडी वल्हवायचे. होडी दोन्ही पाड्यांची, प्रत्येक घरातून त्याबद्दल हंगामाला भात मिळायचं, म्हणून बाबाही दोन्ही पाड्यांचे समजले जात. बैठकीत ते देवळाच्या खांबाला टेकून दोर मांडीवर घेऊन बसत आणि एक शब्द बोलत नसत.

बोलायला बाकीचे होतेच. वरल्या पाड्याच्या बाजूने माझा सख्खा मामा, धर्मामामा. खाल्ल्या पाड्याच्या बाजूने आमचे शेजारी गोमानाना. या दोघांनी मिळून खाडीतल्या पाण्याइतके शब्द वाया घालवले असतील. नळाच्या वेळी तर कमाल झाली. दोर ताणायच्या आदल्या आठवड्यात मामाने आपल्या घराच्या पलीकडे पंधरा पावलांवर कोंबड्यांचं खुराडं बांधलं आणि दोर तिथून धरायचा म्हणाला.

“कोंबऱ्यांचा खुराडा म्हंजे घर हाय का रं?” गोमानानांनी विचारलं.

“दार हाय, कडी हाय, आत जिता जीव ऱ्हातो,” मामा म्हणाला. “मंग घर न्हाय त काय हाय?”

पुढच्या बैठकीपर्यंत गोमानानांनी आपल्या लाकडांच्या खोपीला दार लावलं, कडी बसवली आणि आत एक शेळी बांधली. खुराडं हे घर आहे का, यावर एक बैठक झाली. शेळी आणि कोंबडी यांच्यात मोठा जीव कोणता, यावर दुसरी. तिसऱ्या बैठकीत दोन्ही मान्य झाले आणि दोर ताणला, तर खुंटी जिथे पहिल्यापासून पडली असती तिथेच पडली. तोवर उन्हाळा संपला होता आणि आई होडीतून हंडे भरून आणत होती.

मी आता भिवंडीत कामतघरला राहते, चार मजली इमारतीत, खाली अजून दोन-चार लूम चालतात. सोसायटीत दोन विंग आहेत. गेल्या वर्षी एक कॅमेरा बसवायचा होता. ए विंग म्हणाली आमच्या जिन्यावर, बी विंग म्हणाली आमच्या. शेवटी तो दोन्हींच्या मध्ये लावला. तो रात्रंदिवस पाण्याच्या टाकीची भिंत बघतो. त्या ठरावाला मीही हात वर केला, हे इथे लिहून ठेवलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी बेटावरून शहाणी होऊन आले.

तर आता होडीच्या धक्क्याचं. पूर्वी होडी एक दिवस खाल्ल्या खडपाला लागायची, एक दिवस वरल्या. दोन्ही टोकांना पाण्यात उतरलेला काळा खडक होता, त्याला आम्ही खडप म्हणत असू. कितीही ओहोटी लागली तरी खडपाशी पाणी असायचं. खाल्ला खडप आमच्या ओट्यापासून हाकेच्या अंतरावर. मग एक दिवस कचेरीतून साहेब आले, पँट गुडघ्यापर्यंत वर करून बेटावर उतरले आणि म्हणाले, तुम्हाला सिमेंटचा धक्का मंजूर आहे, फक्त जागा सांगा, पाणी असेल अशी सांगा. साहेबांना चहा दिला, हार घातला, आणि ते गेल्यावर सहा महिने गाव भांडलं. त्यांचं शेवटचं वाक्य तेवढं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

ज्या संध्याकाळी खुंटी मारली ती मला आठवते. बाबा घरी आले, दोर गुंडाळून खुंटाळ्याला अडकवला आणि जेवायला बसले. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती, त्यात आईने कैरी घातली होती. चुलीवर ओल्या लाकडाचा चरचर आवाज चालला होता. आईने भाकरी वाढता वाढता विचारलं, “खुंटी कुठं परली?”

“मधे.”

“तिथं त निस्ता चिखोल. सुकतीला पानी ऱ्हातं का तिथं?”

सुकती म्हणजे ओहोटी. बाबांनी भाकरी मोडली.

“तुमी काय बोल्लंव?”

“मना कोन इचारतो? मी दोर धरतो.” असं म्हणून त्यांनी आणखी चटणी मागितली. खाडीतलं पाणी कुठल्या तिथीला कुठल्या वेळी कुठे असतं हे बेटावर बाबांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच मला त्यांचा राग यायचा. मामा आणि गोमानाना अडाणी होते असं मानलं तर त्यांना माफ तरी करता येतं.

धक्का झाला. चांगला मजबूत, पायऱ्यापायऱ्यांचा, वर दोन लोखंडी खुंट. भरतीच्या मागेपुढे दोन-दोन तास त्याला पाणी लागायचं, बाकी वेळ तो चिखलात उभा राहून लांबच्या पाण्याकडे बघत असायचा. लोकांनी कुरकुर केली असती तर गोष्ट वेगळी, पण त्यांनी देवीपुढे नारळ फोडला. आता यापुढे माणूस चढवायचं आणि उतरवायचं ते धक्क्यावरच. खडपाला कोणी माणूस उतरवला तर देवीची आण. पहिली खेपही देवळातली घंटा झाल्यावर, म्हणजे दोन्ही पाड्यांच्या माणसांना एकमेकांची तोंडं दिसतील इतकं उजाडल्यावर, कारण अंधारात कोणी आधी बाजार गाठला तर तो अन्याय. बायकांना कोणी काही विचारलं नाही. बायका ओहोटीला डोक्यावर टोपल्या घेऊन मांडीभर चिखलातून होडीपर्यंत चालायला लागल्या, आणि पुरुष धक्क्यावर बसून दोन्ही पाड्यांच्या बायका कशा सारख्याच बुडतात ते बघायचे.

मी दहावीला होते. बेटावरून दहावीच्या परीक्षेला बसणारी पहिली मुलगी, असं गुरुजी म्हणायचे. मुलगे बसले होते, नापास होऊन लूमवर लागले होते. माझं केंद्र भिवंडीत निजामपुऱ्यातल्या शाळेत होतं, अकराला पेपर, आणि अर्ध्या तासाच्या वर उशीर झाला तर आत घेत नाहीत. पहिले पेपर बरे गेले, पाणी वेळेवर होतं. गणिताचा पेपर होळीनंतर दोन दिवसांनी होता. हे वाचून तुम्हाला काही कळलं नसेल, पण बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल की पुनवेनंतरच्या बीजेला उधाणाची, म्हणजे सगळ्यात लांब जाणारी ओहोटी असते आणि ती सकाळी नऊ-साडेनऊला तळ गाठते. घंटा व्हायच्या आधीच धक्क्याचं पाणी पळालेलं असणार. मला गणितच सगळ्यात चांगलं यायचं. दहावी पास झाले तर गुरुजी मला भिवंडीच्या कॉलेजात घालायला घरी बोलणार होते. नाही झाले तर मामाने एक स्थळ बघून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी, धुळवडीच्या संध्याकाळी, मी बाबांना म्हटलं की उद्या आपल्या होडक्यातून खाल्ल्या खडपावरून सोडा. होडकं म्हणजे बाबांची मासे मारायची लहान होडी, ती तिथेच बांधलेली असायची. बाबा म्हणाले, बैठकीला विचारतो. बैठक म्हणजे ताडी पिऊन लालगुलाबी झालेले बारा-पंधरा पुरुष. त्यांनी माझ्या पेपरावर दोन तास चर्चा केली आणि ‘सकाली बघू’ असं ठरवलं. आमच्या बेटावर एकमताने झालेला सर्वात जलद ठराव तोच असावा.

सकाळी सातला धक्क्यावर गेलो तेव्हा मोठी होडी चिखलात एका कुशीवर पडली होती. पाणी चाळीस-पन्नास पावलं मागे सरलेलं. मी शाळेचा गणवेश घातला होता, आईने वेणीला लाल रिबीन बांधली होती, प्रवेशपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी बाबांना म्हटलं, “होडकं खडपाला तरंगतंय. चला ना.”

बैठक होणार म्हणून दोर बरोबर घेऊन आलेल्या बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी मामाकडे आणि गोमानानांकडे बघितलं.

“पोर आमचे पाड्याची हाय,” गोमानाना म्हणाले. “खाल्ल्या खडपावरशी जाऊ दे. एक डाव.”

“एक डाव बोलशील आन् उद्यापासना समदी तिथनंच चढतील,” मामा म्हणाला. “माजी भाची हाय. तिला न्यावाची त वरल्या खडपावरशी न्या. होडका तिकडं फिरवा.”

“आन् आमी काय बांगऱ्या भरल्यात?”

हे साडेआठपर्यंत चाललं. कोणी म्हणालं एका खडपावरून न्या आणि दुसऱ्यावर उतरवा. कोणी म्हणालं देवीला कौल लावा. माझी भाची, आमची पोर, असं दोघेही म्हणत होते आणि दोघांपैकी कोणीही मला किती वाजता पेपर आहे हे विचारलं नाही. शेवटी मार्ग निघाला, आणि तो काय असणार हे आता तुम्हालाही ओळखता येईल. होडकं ना या खडपाला, ना त्या. बाबांनी ते वल्हवत धक्क्यासमोर पाण्याच्या काठाला आणायचं आणि मी धक्क्यावरून खाली उतरून चिखलातून तिथपर्यंत चालत जायचं. मधोमध. मामा समाधानाने बिडी पेटवायला लागला.

बाबा गेले आणि होडकं घेऊन आले. मी उतरले. पहिल्या दहा पावलांत गुडघे, पुढे मांड्या, आणि मग उधाणाच्या ओहोटीने उघडा पडलेला तो पातळ गाळ, त्यात कमरेपर्यंत. बायका रोज जायच्या ती वाट भांगाच्या, म्हणजे लहान ओहोटीची, एवढ्या लांब त्याही जात नसत. पिशवी डोक्यावर धरून मी उभी राहिले. पुढचा पाय निघेना, मागचाही निघेना. पुढे पंधरा पावलांवर माझे वडील होडक्यात उभे होते, आणि मागे धक्क्यावर सगळं गाव. आई तेवढी पायऱ्या उतरायला लागली तर मामाने तिला दंडाला धरून मागे ओढलं. मग बाबांनी होडक्यातून दोर फेकला. तोच दोर. तो मी काखेखाली बांधला आणि बाबांनी मला ओंडक्यासारखी ओढून घेतली. एक चप्पल तिथे राहिली, ती अजून असेल.

पलीकडचा धक्का कोकणी मुसलमानांच्या गावाचा. जुना, दगडी, वाकडातिकडा, पण पाण्यात. तिथे कोपऱ्यावर फातमाबीचं घर होतं, बाबांची होडी लागली की ती ओट्यावर येऊन बसायची. तिने मला बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“या अल्ला. पोरीला धक्क्यावरसून का न्हाय चढवली?”

“धक्क्यावरसूनच चढवली,” मी म्हटलं.

तिने तीन बादल्या पाणी ओतलं माझ्यावर, तिच्या मुलीची फिकट हिरवी सलवार-कमीज घालायला दिली, चप्पल दिली, आणि ओल्या केसांवर ओढणी टाकली. रिक्षा मिळायला वेळ लागला. निजामपुऱ्याच्या तोंडाशी कापडाच्या गाठी भरलेला टेम्पो आडवा उभा होता. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा पावणेबारा वाजले होते. फाटकाशी असलेले सर सभ्य होते. त्यांनी माझं प्रवेशपत्र बघितलं, माझ्या केसांतला चिखल बघितला, आणि म्हणाले, “बाळ, मला घेता येत नाही गं.” मी समोरच्या ओट्यावर बसले. मागच्या गल्लीत लूम चालू होते, खटाखट, खटाखट, आणि त्या आवाजावर मी मनातल्या मनात समीकरणं सोडवत दोन वाजेपर्यंत बसून राहिले. घरी कसं जायचं हा प्रश्न नव्हता, तोवर भरती आली होती.

त्यानंतर बेटावर जी बैठक झाली ती माझ्या पेपराची नव्हती, दोषाची होती. पोरीचं वर्ष गेलं, तर ते कोणामुळे? मी आईबरोबर देवळाच्या मागे उभी राहून सगळं ऐकलं. मामा म्हणाला खाल्ल्या पाड्याने हट्ट केला, गोमानाना म्हणाले वरल्याने. भात कापायला आलं असतं इतका वेळ ते चाललं असतं, पण उकाडा होता. म्हणून ठरलं की अर्धा दोष यांचा, अर्धा त्यांचा, आणि सगळे उठायला लागले. तेव्हा खांबाला टेकलेले बाबा उभे राहिले. त्यांना उभं राहिलेलं बघून माणसं पुन्हा बसली, बहुतेक नवलाने.

“दोष माजा हाय,” बाबा म्हणाले. “खुंटी मारली तवा मना ठावं व्हता तिथं पानी ऱ्हात न्हाय. मी बोल्लो न्हाय. आन् त्या दिशी होडका खडपाला व्हता, दोर माजे हातान व्हता, तरी मी तुमचे तोंडाकडं बघत बसलो.”

गोमानानांनी मामाकडे बघितलं. मग मामा समजुतीच्या सुरात म्हणाला, “असा एकट्यावर कसा टाकाचा, दाजी? तुमी खाल्ल्या पाड्याचं. मंग समदा दोष तिकडंच जाईल.”

“आमाला चालनार न्हाय,” गोमानाना म्हणाले. या एका गोष्टीवर दोघांचं पटलं. बाबांचा दोष बैठकीने नामंजूर केला.

बाबा दोर घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी होडीची वल्ही देवळात नेऊन ठेवली आणि दोर मात्र परत दिला नाही. आईने तो परसात शेवग्यापासून संडासापर्यंत बांधला आणि त्यावर गोधड्या वाळत घालायला लागली. हंगामाचं भात बंद झालं, बाबा होडक्यातून मासे मारून फातमाबीच्या गावात विकायला लागले, घरात भाकऱ्या कमी आणि पेज जास्त झाली. गावाने नवा दोर आणला, तो कोणत्या पाड्यात ठेवायचा यावर वाद झाला, आणि तो देवळात ठेवला तिथे उंदरांनी खाल्ला. हे सगळं मी इतक्या वर्षांनी हसत लिहिते आहे, पण मला त्या लोकांची कीव अजून येत नाही. अडाणीपणाची येते. त्यांना सगळं माहीत होतं.

ऑक्टोबरच्या परीक्षेला मी पुन्हा बसले, एकाच विषयाला. त्या सकाळीही ओहोटी होती. बाबांनी घंटेची वाट बघितली नाही, त्यांनी होडकं खाल्ल्या खडपाला लावलं आणि मला हाक मारली. उजाडलं होतं, गोमानाना ओट्यावर दात घासत होते, त्यांनी बघितलं आणि तोंड फिरवून चूळ भरली. देवीने काही केलं नाही. मी कोरड्या पायांनी चढले. फातमाबीची हिरवी सलवार-कमीज धुऊन, घडी घालून परत द्यायला पिशवीत घेतली होती. बाबा वल्हवत होते, वल्ह्याचा करकर आवाज आणि पलीकडून येणारी लूमची खटखट, बाकी काही नाही. खाडीच्या मध्यावर आल्यावर ते म्हणाले, “त्या दिशी मी अशीच न्यावाची व्हती तुना.”

मला ऐकू आलं होतं. सोळा वर्षांची होते, आणि त्यांचा राग अजून पोटात होता. एक शब्द बोलले असते तर त्या माणसाचं ओझं उतरलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी वही उघडून सूत्रं वाचत असल्याचं दाखवलं. बाबांनी पुन्हा काही म्हटलं नाही, ना त्या दिवशी, ना पुढे कधी. गणितात मी पास झाले.